कारागृहातील विद्यार्थ्यांची माहितीव्यवस्था
बंदिवासात विद्यापीठीय शिक्षण घेणाऱ्यांची अभ्याससामग्री मिळवण्याची व परस्परांना पुरवण्याची रीत. बंद्याच्या लेखनाला न्यायालयीन आधार १९६५ मध्ये मिळाला: स्थानबद्ध प्रभाकर संझगिरी यांचे अणुविज्ञानावरील मराठी हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर धाडण्यास मनाई करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला [→ स्थानबद्धता]. पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) व इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) यांची अभ्यासकेंद्रे महाराष्ट्रातील कारागृहांत निघाली [→ मुक्त विद्यापीठ]. मोबाइल निषिद्ध असल्याने भिस्त छापील पुस्तके, कारागृहाचे ग्रंथालय व मुलाखतीस येणारे नातलग यांच्यावर. पत्र वा पुस्तक तपासणीनंतरच बराकीत पोचते. एकच पुस्तक अनेकांत फिरते, उतारे हाताने उतरवले जातात. शिकलेला बंदी इतरांचे अर्जही लिहून देतो. पदवी मिळवल्यास शिक्षेत सूट मिळू शकते [→ तुरुंग].