बालीतील केरिसच्या मुठींवरील आकृतींची ओळख : काही मूर्तिशास्त्रीय प्रश्न

इंडोनेशियातील बाली बेटावर केरिस या खंजिराच्या मुठी देवता, वीर व राक्षस यांच्या आकृतींनी कोरण्याची परंपरा आहे. जावामध्ये इस्लामच्या प्रसारानंतर मुठीवरील आकृती उत्तरोत्तर अमूर्त होत गेली. हिंदू धर्म टिकून राहिलेल्या बालीत मात्र ती स्पष्ट अवयवांसह कोरली जात राहिली. समारंभप्रसंगी केरिस पाठीशी खोवला जातो व त्याची मूठ खांद्यावरून डोकावते. म्हणजेच ही आकृती हाताच्या पकडीसाठी जितकी, तितकीच पाहिली जाण्यासाठी असते. युनेस्कोने २००५ साली इंडोनेशियातील केरिसचा गौरव मानवजातीच्या अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून केला. तथापि मुठीवर नेमके कोण कोरले आहे, हा साधा वाटणारा प्रश्न तितका साधा नाही.

भारतीय अभ्यासकाची अडचण येथे वेगळ्याच प्रकारची आहे. देवतांची नावे त्याच्या परिचयाची असतात आणि हा परिचयच त्याला चकवतो. मुठींवर वारंवार आढळणारा ‘बायू’ म्हणजे वायू, हे उघड आहे. परंतु भारतीय मूर्तिशास्त्रातील वायू हरणावर आरूढ, ध्वजधारी आणि वायव्य दिशेचा अधिपती असतो. मुठीवरील बायूपाशी हरीण नसते, ध्वजही नसतो. त्याच्या हाती बहुधा अमृताचे लहानसे पात्र असते. दिशेवरूनही काही साधत नाही, कारण ‘नवसंग’ या नऊ दिग्देवतांच्या बाली व्यवस्थेत वायव्येला शंकराची स्थापना आहे. भारतीय ग्रंथांतील लक्षणे घेऊन पाहणाऱ्याला बायू समोर असूनही ओळखता येणार नाही.

ओळखीच्या खुणा बालीतच शोधाव्या लागतात. भीम आणि हनुमान हे दोघेही वायुपुत्र, ही गोष्ट मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. जावा-बालीच्या छायानाट्य परंपरेने हे नाते डोळ्यांना दिसेल असे केले आहे. वायूच्या कुळातील पात्रांना ‘पोलेंग’ नावाचे काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र आणि अंगठ्याचे लांब नख असते. या नखास ‘पंचनक’ म्हणतात व ते भीमाचे शस्त्रच होय. भीमाचा केशसंभार खेकड्याच्या नांगीसारखा वर वळलेला असतो, तर हनुमान वानरमुखामुळे सहज ओळखू येतो. क्लुंगकुंग येथील कर्ता गोसा या मंडपाच्या छतावर भीमाच्या स्वर्ग-नरक यात्रेची चित्रे आहेत. मुठीवरील भीमाशी ताडून पाहण्यास अशी चित्रे कोणत्याही संस्कृत ग्रंथापेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

यांतील एकेक खूण मात्र स्वतंत्रपणे पुरेशी नाही. पोलेंग वस्त्र बालीत द्वारपालांच्या मूर्तींना आणि वृक्षांनाही गुंडाळले जाते. बटबटीत डोळे व बाहेर आलेले सुळे पाहून ‘राक्षस’ अशी नोंद करण्याचा मोह होतो. परंतु बायूही उग्रमुखीच दाखविला जातो. ‘राक्षस’ हा शब्द अशा वेळी ओळखीपेक्षा ओळखीच्या अभावाचे सभ्य नाव ठरतो. हातातील पात्र, वस्त्र, नख आणि केशरचना यांपैकी किमान दोन-तीन खुणा एकत्र आल्याखेरीज विशिष्ट नाव देणे धाडसाचे आहे. वापराने झिजलेल्या लाकडी मुठीत या बारीक खुणाच प्रथम पुसट होतात. काही मुठींना तर मुखच नसते. ‘कोचेत-कोचेतान’ हा प्रकार कीटकाच्या कोशासारखा दिसतो. त्याला ओढूनताणून एखाद्या देवतेचे नाव देण्यात अर्थ नाही.

आणखी एक बाब कालनिश्चितीची. पात्याचे निमुळते टोक मुठीत बसविलेले असते आणि मूठ काढून दुसरी बसविता येते. जुन्या पात्याला नवी मूठ किंवा याउलट, असे संयोग सहज संभवतात. म्हणून मुठीवरील आकृतीवरून पात्याचे वय अथवा मूळ स्वामी ठरविता येत नाही. नोंदीत पाते, मूठ व म्यान यांची माहिती वेगवेगळी असावयास हवी.

हा काटेकोरपणा केवळ पांडित्यासाठी नाही. २० सप्टेंबर १९०६ रोजी बाडुंग येथे आणि २८ एप्रिल १९०८ रोजी क्लुंगकुंग येथे राजपरिवारांनी डच सैन्यापुढे शरण न जाता ‘पुपुतान’, म्हणजे अखेरचे आत्मबलिदान, पत्करले. त्यानंतर राजवाड्यांतील वस्तू नेदरलँड्समधील व जाकार्ता (तेव्हाचे बटाव्हिया) येथील संग्रहांत गेल्या. नेदरलँड्सने २०२३ मध्ये इंडोनेशियास परत केलेल्या वस्तूंत क्लुंगकुंगचा एक केरिस होता. २०२४ मध्ये बाडुंगच्या पुपुतानशी संबंधित २८४ वस्तू परत देण्यात आल्या व त्यांत शस्त्रे, नाणी, दागिने आणि वस्त्रे होती. मूळ देशी परतलेल्या वस्तूबरोबर तिची परदेशात लिहिलेली नोंदही परतते. बालीत दर २१० दिवसांनी येणाऱ्या ‘तुंपेक लांदेप’ या दिवशी शस्त्रांची पूजा होते. ज्या घरात केरिसला अर्घ्य दिले जाते, तेथे मुठीवर बायू आहे की राक्षस, हा प्रश्न सूचीतील एका रकान्यापुरता नसतो.