पिंपरीचे पेनिसिलिन आणि डी-ॲमिनो आम्ले

पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. उभारणीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य होते. तोवर देशाची गरज मुख्यतः आयातीवर भागत असे.

पेनिसिलिनचा धंदा मुळात बुरशी पोसण्याचा. निर्जंतुक टाकीत साखर आणि नत्रयुक्त खाद्य घालायचे, जंतुरहित हवा सतत सोडायची, फिनाइल ॲसिटिक आम्ल थोडे थोडे देत राहायचे. पुढे बुरशी गाळून काढतात आणि उरलेले पाणी आम्लधर्मी करून पेनिसिलिन सेंद्रिय द्रावकात उतरवतात. हे काम थंडाव्यात आणि झटपट उरकावे लागते, कारण आम्लात पेनिसिलिन टिकत नाही.

बुरशी हा रेणू तीन ॲमिनो आम्लांपासून घडवते. ॲमिनो आम्लांची, डाव्या-उजव्या हातांसारखी, एल आणि डी अशी दोन रूपे असतात. पेशीत घडणाऱ्या प्रथिनांत एल रूपच वापरले जाते. बुरशीचे विकर मात्र तिन्ही आम्ले जोडता जोडता त्यांतील व्हॅलीनचे डी रूप करून टाकते. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतही डी-ॲलानीन असते. भित्तिका विणताना लागणाऱ्या डी-ॲलानीनच्या जोडीशी पेनिसिलिनचे साम्य असल्याने जिवाणूचे विकर फसते, असे टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडले.

डी रूप हा बुरशी-जिवाणूंचाच मामला, अशी समजूत बराच काळ होती. खरे तर तिला धक्का लागायला हवा होता १९३५ मध्येच: हान्स क्रेब्स यांना सस्तन प्राण्यांच्या मूत्रपिंडात डी-ॲमिनो आम्लांचे ऑक्सिडीकरण करणारे विकर आढळले होते. शरीरात नसलेल्या वस्तूसाठी विकर कशाला? उत्तर यायला अर्धे शतक लोटले. १९९२ मध्ये उंदरांच्या मेंदूत डी-सेरीन मुबलक असल्याचे जपानी संशोधकांनी दाखवले, आणि १९९९ मध्ये वोलोस्कर, स्नायडर व सहकाऱ्यांनी ते बनवणारे सेरीन रॅसिमेझ हे विकर वेगळे केले.

हे विकर एका कामाला बांधलेले नाही. जीवनसत्त्व बी६ पासून बनलेले सहविकर सेरीनला धरते आणि त्याचा एक हायड्रोजन सुटतो. तो उलट बाजूने परत बसला की डी-सेरीन. त्याऐवजी पाण्याचा रेणू निघून गेला की पायरुव्हेट. एकाच जागी दोन्ही घडते.

औषधी धंद्याशी हा धागा पुन्हा जुळतो तो सायक्लोसेरीनमध्ये. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे हे औषध जिवाणूला डी-ॲलानीन बनवू देत नाही. पण मेंदूत डी-सेरीन ज्या ग्राहीवर बसते, तिथेही ते बसते. त्याने मानसिक तक्रारी उद्भवू शकतात, म्हणून रुग्णावर लक्ष ठेवतात आणि सोबत बी६ ची गोळी देतात.