न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस : नागपूर ते सर्वोच्च न्यायालय

सिरोंचा तेव्हा मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात होते. तेथील खटल्यांवरील प्रांतातले शेवटचे अपील नागपूरला जाई. आधी ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात आणि ९ जानेवारी १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयात. व्हिव्हियन बोस (१८९१–१९८३) या दोन्ही न्यायालयांत न्यायाधीश होते.

कारकीर्द : केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन १९१३ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि नागपुरात वकिली करू लागले. पुढे ते तेथील विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३१ मध्ये ते अतिरिक्त ज्युडिशियल कमिशनर झाले, १९३६ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९४९ मध्ये मुख्य न्यायाधीश आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश.

महत्त्वाचा निकाल : दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली पोलीस वाजवी संशयावरून माणसाला अटक करू शकत. विमलाबाई देशपांडे यांनी पतीच्या सुटकेसाठी अर्ज केला. संशयाला वाजवी आधार होता हे पोलिसांनीच कोर्टाला पटवून द्यावे, असे बोस यांच्या खंडपीठाने ठरवले. सरकार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले; तेथेही १९४६ मध्ये हाच निकाल कायम राहिला.

निवृत्तीनंतर : १९५६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. १९५८ चा त्यांचा विरसा सिंग खटल्यातील निकाल खुनाच्या खटल्यांत आजही आधारासाठी दाखवला जातो.

सिरोंचा आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. उच्च न्यायालयातील अपिलासाठी मात्र वाट अजूनही नागपूरचीच.