रुईची धूळ यादीत आहे, गाठीचं वजन नाही

खामगावच्या कापूस बाजाराचा इतिहास आपण नेहमी रेल्वेपासून सांगतो. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव फाटा सुरू झाला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे निघाला. पण गाठी वाघिणीत चढवल्या कुणी? हमालांनी. त्यांचं नाव या कौतुकात येत नाही.

१९२३ च्या कायद्याने कामावर अपघात झाला तर भरपाई मिळू लागली. पाय चिरडला, बोट तुटलं, की केस उभी राहते. पण रोज वाकून ओझं उचलताना मणक्यातली गादी हळूहळू सरकते, त्याचं काय? त्याला तारीख नसते, साक्षीदार नसतो. आपल्याकडे म्हणतात, "उसण भरली", आणि तेल चोळून माणूस परत कामावर.

१९४८ च्या कारखाने कायद्यात इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये, असं कलम होतं. त्याच कायद्यात व्यवसायातून होणाऱ्या रोगांची यादी होती. रुईच्या धुळीने फुप्फुसाला होणारा बिसिनोसिस त्यात होता. गाठी उचलून गेलेली कंबर नव्हती!

१९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पुरुष कामगारासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. तेव्हा आपल्याकडे हमालाच्या पाठीवर क्विंटलचं पोतं असायचं. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी संघटना लढली, म्हणून १९६९ चा माथाडी कायदा आला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी मिळाला. पुढे पोतंही ५० किलोवर आलं. हे कुणी दान दिलेलं नाही.

आता ओझं बदललं. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, लोखंड धरून वजन तीस किलोच्या आसपास. मर्यादेच्या आत, म्हणून हलकं? दिवसभरात असे किती, किती जिने चढून, हे कोण मोजतं? खांद्यावर एकाच बाजूला वजन आलं की पाठ वाकडी होतेच.

वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. थप्पी कोसळली की बातमी होते, कंबर झिजली की होत नाही. म्हणून मागणी साधी आहे: कंबर आणि मणक्याचे आजार व्यवसायातून होणाऱ्या रोगांच्या यादीत घ्या. हमाल आणि सिलिंडरवाल्यांची वर्षातून एकदा तपासणी करा, आणि तिची नोंद ठेवा.

तुमच्या गावात अशी तपासणी होते का? कमेंटमध्ये सांगा.