दगड घाटावर, ताम्रपट घाटाखाली

शके ८६२, म्हणजे इ.स. ९४०-४१. राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा याने आपला भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यासाठी एका ब्राह्मणाला गाव दान दिलं आणि तसा ताम्रपट कोरून दिला. गावाचं नाव तालापुरुंषक, विभाग 'नागपूर-नंदिवर्धन'. हा ताम्रपट पुढे वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडला आणि रा. गो. भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यातला राजाच्या स्तुतीचा भाग नेहमीसारखाच लांबलचक आहे. खरी गंमत येते ती चतुःसीमा सांगताना. एकीकडे कंदना नदी, एकीकडे मोहमग्राम, एकीकडे वध्रिर. अभ्यासकांनी ही नावं नकाशावर जुळवली तेव्हा कंदना म्हणजे कन्हान, मोहमग्राम म्हणजे मोहगाव आणि वध्रिर म्हणजे बेरडी ठरली. यातलं एकही ठिकाण वर्धा जिल्ह्यात नाही. मोहगाव आणि बेरडी सौंसर तहसिलीत आहेत, मध्य प्रदेशात. हजार वर्षांपूर्वीच्या दानपत्रातले शेजारी अजून धुऱ्याला धुरा लावून उभे आहेत आणि त्यांचा कागद तेवढा शंभराहून जास्त किलोमीटर दूर निघाला.

सावरगावहून गाडी काढून मोहगावला जायला फार वेळ लागत नाही. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. ही जाम पुढे कन्हानलाच मिळते. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून २०२३ साली वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तोवर दोन्ही छिंदवाड्यात होत्या. घरात मराठी, कचेरीत हिंदी, शेतात संत्रा, आणि लग्नाची सोयरीक काटोल-नरखेड-वरुडकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याआधी मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती, त्यामुळे सावरगावच्या माणसाला सरकारी कामासाठी राज्याची हद्द ओलांडावी लागत नव्हती.

त्या एका रेषेने या मुलखाच्या इतिहासाचेही दोन तुकडे केले. धुऱ्याच्या अलीकडे सातबारा, पलीकडे खसरा. अलीकडच्या पुस्तकात वाकाटक आणि भोसले, पलीकडच्या पुस्तकात गोंडवाना. पण इथले पडके वाडे, मंदिरं आणि ताम्रपट मात्र एकमेकांवाचून वाचताच येत नाहीत. दगड सातपुड्यात असतो, त्याची गोष्ट सांगणारा ताम्रपट मैदानात सापडतो. कधी याच्या अगदी उलट. म्हणून इथल्या माणसाने जुने अवशेष बघायला निघावं, तर परराज्यात जाऊन परत आपल्या राज्यात यावं लागतं.

ताम्रपट फिरतात याचं कारण साधं आहे. जमिनीचा हक्क सांगणारा तो दस्त. ज्याच्या घरी तो असेल त्याचं घर जिथे हलेल तिथे दस्तही जायचा. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने नंदिवर्धनातून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनातून, दिलेला ताम्रपट पुण्यात एका घरात मिळाला, म्हणून त्याचं नाव 'पुणे ताम्रपट' पडलं. तिच्या मुलाचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा, दुदिया ताम्रपट मिळाला तो घाटावर छिंदवाडा जिल्ह्यात. तो दिला गेला प्रवरपुरातून. हे प्रवरपूर नेमकं कुठलं, यावर विद्वानांत एकमत नाही. वा. वि. मिराशींच्या मते वर्ध्याजवळचं पवनार. रामटेकजवळ मनसरला १९९७-९८ पासून जे उत्खनन झालं त्यातल्या मंडळींच्या मते मनसरच. दोन्ही ठिकाणं महाराष्ट्रात आणि ताम्रपटाचं नाव मध्य प्रदेशातल्या गावाचं.

जुन्या कागदांत सौंसरच्या सखल भागाला 'जेरघाट' म्हणत आणि वरच्या छिंदवाड्याच्या पठाराला 'बालाघाट'. रामाकोन्यावरून सिल्लेवानीच्या घाटाला गाडी लागली की हा फरक डोळ्यांना दिसतो. खाली संत्र्याच्या बागा आणि कपाशी, वर सागाचं जंगल आणि गोंड वस्त्या. घाट संपल्यावर मोहखेडच्या बाजूला वळलं की देवगड.

देवगडचा किल्ला पाहिलेला माणूस नागपूरला पुन्हा नव्या नजरेने पाहतो, कारण नागपूर हे देवगडचंच धाकटं भावंड. डोंगराच्या तिन्ही बाजूंना खोल दऱ्या, वर जायला एकच सोयीची वाट. दरवाजे ओलांडून वर गेलं की नगारखाना, कचेरीचे आणि महालाचे अवशेष, पडकी मशीद, आणि मोती टाकं. या टाक्याचं पाणी एवढं नितळ होतं की तळाला पडलेलं नाणं काठावरून दिसे, असं पायथ्याच्या गावातले लोक सांगतात. भिंती विटांच्या आणि चुन्याच्या, कमानी मोगली वळणाच्या. ही वळणं आली कशी, ते कळायला राजाची गोष्ट माहीत हवी.

गोष्टीची सुरुवात दंतकथेने होते. देवगडावर आधी गवळी राजे होते. त्यांच्या चाकरीत जाटबा नावाचा गोंड पोरगा लागला. त्याचा जन्म झाला तेव्हा नागाने फणा धरून त्याच्यावर सावली केली होती म्हणे. अंगात ताकद एवढी की किल्ल्याचा दरवाजा एकट्याने उचलून बसवला. राजे घाबरले आणि त्यांनी त्याला सणाला लाकडाच्या दांडक्याने रेडा मारायला सांगितला. देवी स्वप्नात आली, तिने दांडक्यात तलवारीची धार भरली. जाटबाने एका घावात रेडा पाडला, दुसऱ्या घावात राजे. दंतकथा बाजूला ठेवली तरी जाटबा खराच होता. अबुल फजलने 'आईने अकबरी'त खेरल्याच्या सरकारविषयी लिहिताना शेजारच्या या गोंड जमीनदाराकडे दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभर हत्ती असल्याची नोंद केली आहे. मोगली कारकुनांचे आकडे थोडे गाळून घ्यावेत हे बरं, पण दिल्लीला या डोंगरातल्या राजाची दखल घ्यावी लागली, हे तेवढ्यावरूनही दिसतं.

जाटबाच्या वंशात पुढे बख्तबुलंद झाला. भाऊबंदकीत गादी मिळेना, तेव्हा तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला आणि राज्य घेऊन परतला. विटांच्या त्या कमानी बहुधा या मोगल दरबाराच्या वाटेने आल्या असाव्यात. पुढे बादशहाशी त्याचं बिनसलं, पण दरबारात पाहिलेलं तो विसरला नाही. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या अहवालात बख्तबुलंदाचं कौतुक केलं आहे. ठिकठिकाणचे कष्टाळू लोक आणून त्याने गावं वसवली, शेती आणि व्यापार वाढवला, असं तो लिहितो. आणि १७०२ च्या सुमारास डोंगराखाली, राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून त्याने नागपूर शहर उभं केलं. देवळीच्या ताम्रपटात 'नागपूर' हे नाव त्याच्याही साडेसातशे वर्षं आधीचं आहे, पण शहराचा वाढदिवस मोजतात तो बख्तबुलंदापासून, आणि ते योग्यच आहे. नाव आधीपासून होतं, शहर त्याचं.

मुलगा चांद सुलतान याने राजधानीच नागपूरला हलवली आणि शहराला कोट बांधला. देवगडच्या पडझडीला खरी सुरुवात इथून होते, शत्रूच्या तोफेने नव्हे. राजा खाली उतरला, मागोमाग दरबार, सावकार आणि कारागीर उतरले. १७३९ ला चांद सुलतान वारला आणि वारसाहक्काचं भांडण पेटलं. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. मदतीला आलेला पाहुणा घर सोडत नाही, हे तिला पुढे कळलं. १७४३ मध्ये रघुजींनी पुन्हा हात घातला आणि कारभार आपल्याकडे घेतला. गोंड राजा बुऱ्हाणशहा नावापुरता राजा राहिला, त्याला नेमणूक मिळाली, आणि भोसल्यांना टिळा लावण्याचा मान गोंड राजांच्या घराण्याकडे राहिला.

देवगडविषयी 'आठ सौ कुएँ, नौ सौ बावड़ी' अशी म्हण आहे. आकडा मोजायला बसू नये. पण परिसरात बावड्या खरंच फार आहेत. डोंगर काळ्या दगडाचा, पाऊस पडतो आणि उतारावरून निघून जातो. दगडाच्या भेगांतून झिरपणारं थोडंथोडं पाणी धरायचं तर रुंद तोंडाची, पायऱ्यांची विहीर लागते. राजधानीतली माणसं, घोडे, हत्ती यांना उन्हाळ्यात जगवणारं शास्त्र या बावड्यांत आहे. गेल्या काही वर्षांत रोजगार हमीच्या कामातून यातल्या कित्येक बावड्यांचा गाळ काढला गेला. महालाच्या भिंतीपेक्षा ही डागडुजी अधिक शहाणपणाची वाटते.

छिंदवाड्याच्या आग्नेयेला नीलकंठी आहे. तिथे जुन्या मंदिरांचे दगड पडले आहेत आणि एका खांबावर लेख आहे. त्या लेखातला राजा कोण? तोच, देवळीच्या ताम्रपटातला कृष्ण तिसरा. म्हणजे खाली सौंसरच्या शेतजमिनीचं दान देणारा राजा वर घाटमाथ्यावरही नाव ठेवून गेला. त्याची राजधानी मान्यखेट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आणि आणखी उत्तरेला, मैहरजवळच्या जुरा गावी, त्याची प्रशस्ती कोरली आहे ती कन्नडमध्ये. मळखेड ते मैहर ही त्याच्या सैन्याची वाट नकाशावर धरली, तर सातपुड्याचा हा पट्टा मधोमध येतो. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या कोरीव लेखांची यादी १९१६ साली छापली, तेव्हा हा सगळा मुलूख एका प्रशासनाखाली होता, म्हणून ती एका माणसाला करता आली.

घाट उतरून महाराष्ट्रात आलं की नगरधन आणि मनसर एका दिवसात होतात. नगरधनला अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, तिच्यावर शंख आहे. पुण्यात सापडलेल्या ताम्रपटावरची राणी अशी पंधराशे वर्षांनी आपल्या गावच्या मातीत भेटली.

याहून जुनं बघायचं असेल तर परतताना काटोल रस्ता धरावा. नागपूरबाहेर याच रस्त्यावर जुनापाणी आहे. लोहयुगातल्या माणसांनी मृतांसाठी रचलेली शेकडो दगडी वर्तुळं इथे माळावर पसरली आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने यातली काही उघडली. काही दगडांवर वाटीसारखे गोल खळगे कोरलेले होते, ते पाहून त्याला थेट युरोपातल्या तशाच दगडांची आठवण झाली. नागपूरजवळच्याच माहुरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात तांब्याच्या दागिन्यांसह पुरलेले घोडे निघाले. या वर्तुळांचा नाद लागलेला पहिला मोठा माणूस मात्र मिशनरी स्टीफन हिस्लॉप. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची वर्तुळं पाहून तो घोड्यावरून परतत होता, नाल्याला पूर आला होता, आणि रात्रीच्या अंधारात तो त्यात वाहून गेला. त्याचे गोंडांविषयीचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. पावसाळ्यात या भागातल्या नाल्यांशी कुणी खेळू नये ते यासाठी.

पश्चिमेकडे निघालेल्यांनी मुलताईवरून प्रभात पट्टणला जावं. तिथे मिळालेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटाचा लेखक म्हणून कालिदास हे नाव येतं आणि ते वाचून भल्याभल्यांच्या भुवया वर जातात. सेनापतीच्या हाताखालचा हा कारकून 'मेघदूत'वाला कवी असेल, असं मानायला काही आधार नाही. त्यापुढे साळबर्डी. गाव निम्मं बैतूलमध्ये, निम्मं अमरावतीच्या मोर्शी तालुक्यात. चक्रधरस्वामींनी इथल्या डोंगरात तप केलं असं महानुभाव मानतात, शेजारी बौद्ध लेणी आहेत, आणि महाशिवरात्रीला दोन्ही राज्यांतली माणसं यात्रेला येतात.

सहलीला दिवाळीनंतरचे महिने उत्तम. सावरगावहून निघायचं असेल तर पोळ्याचा दुसरा दिवस टाळावा. त्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि तो तोडण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. ही गोटमार. कुणी तिचा उगम पळून जाणाऱ्या प्रेमी जोडप्यात सांगतो, कुणी भोसल्यांच्या फौजेच्या सरावात. दरवर्षी डोकी फुटतात, माणसं दगावलेलीही आहेत, आणि प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले तरी लोकांनी गोटेच उचलले. पोलीस रस्ते अडवतात, काठावर रुग्णवाहिका लागतात. गाडी आदल्या रात्रीच सौंसरकडे काढून ठेवावी.