बर्फाळ पाण्याची पैज

दुर्मीळ आजारांवरील संशोधनासाठी पैसा उभा करण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुग्णांच्या नातलगांनीच मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतले, कारण मूठभर रुग्णांसाठी औषध शोधण्यात कंपन्यांना फायदा दिसत नव्हता. अशा दुर्लक्षित औषधांना तिकडे ‘अनाथ औषधे’ म्हटले जाते. त्यांच्या निर्मितीला सवलती देणारा कायदा १९८३ मध्ये झाला, त्यातही कुटुंबीयांनी लावून धरलेल्या मागणीचा मोठा वाटा होता.

निधीसाठी रूढ झालेली रीत अशी, की एखाद्याने ठरावीक अंतर चालायचे वा धावायचे आणि परिचितांनी दर मैलामागे काही रक्कम द्यायची. कर्करोगाने उजवा पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० मध्ये कृत्रिम पायावर कॅनडात १४३ दिवस धावला आणि प्रत्येक देशवासीयाकडून त्याने एक डॉलर मागितला, तेव्हा त्याने मैलांचा हिशेब ठेवला नसला तरी तत्त्व तेच होते: कष्ट एकाने उपसायचे, खिशात हात इतरांनी घालायचा.

२०१४ च्या ‘आइस बकेट चॅलेंज’ने हे तत्त्व उलटे केले. आव्हान मिळालेल्याने चोवीस तासांत बर्फाळ पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यावी, नाहीतर शंभर डॉलर द्यावेत, अशी ती पैज असल्याने अंग भिजवणे हा चक्क देणगी टाळण्याचा मार्ग ठरत होता, आणि तर्काने पाहता ही योजना फसायलाच हवी होती. मात्र भिजणारा चित्रफितीत पुढच्यांची नावे घेत असे, चारचौघांत नाव निघाल्यावर माघार घेणे जड जाई, आणि असंख्य लोकांनी पाणीही ओतून घेतले व पैसेही दिले.

ही पैज मुळात कोणत्याही एका आजाराशी बांधलेली नव्हती. खेळाडूंच्या वर्तुळात ती फिरत होती आणि देणगी कोणाला द्यायची हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. तिला एकाच आजाराशी जोडले ते नात्याने. १५ जुलै २०१४ रोजी फ्लोरिडातील सारासोटाच्या क्रिस केनेडी या गोल्फपटूने पत्नीच्या नात्यातील एका बहिणीला आव्हान दिले, कारण तिच्या पतीला एएलएस झाला होता. या आजारात स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या मेंदू व मज्जारज्जूतील चेतापेशी क्रमाने मरत जातात, त्यामुळे कोणाच्या हातातला पेला निसटू लागतो, कोणाचे बोलणे जड होते, पुढे चालणे व गिळणेही अशक्य होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू निकामी होतात. रिलुझोल हे १९९५ मध्ये मान्यता मिळालेले औषध आयुष्य फार तर काही महिन्यांनी वाढवी, आणि २०१४ पर्यंत अमेरिकेत त्याखेरीज या आजाराची गती रोखणारे दुसरे मान्यताप्राप्त औषध नव्हते.

पॅट क्विन आणि बोस्टनचा माजी बेसबॉलपटू पीट फ्रेट्स या दोन तरुण रुग्णांच्या गोतावळ्याने ही साखळी पकडली आणि ती जगभर पसरली. अमेरिकेतील एएलएस असोसिएशनला आदल्या वर्षी ज्या महिनाभरात २८ लाख डॉलर मिळाले होते, त्याच काळात २०१४ मध्ये दहा कोटींहून अधिक मिळाले, आणि एकूण रक्कम साडेअकरा कोटींवर गेली. पाण्याची ही उधळपट्टी सर्वांनाच रुचली नाही; हैदराबादच्या मंजुलता कलानिधी यांनी त्याच ऑगस्टमध्ये गरजूला बादलीभर तांदूळ देण्याचे प्रतिआव्हान काढले, आणि भारताच्या संदर्भात ते अधिक शहाणपणाचे होते.

पुढच्या वर्षी मोहीम पुन्हा काढली गेली, पण पहिल्या लाटेच्या जवळपासही ती पोचली नाही. आलेल्या रकमेचा सुमारे दोन तृतीयांश भाग संशोधनाकडे गेला. त्यातून पाठबळ मिळालेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २०१६ मध्ये आजाराशी संबंधित ‘एनईके१’ हे जनुक दाखवून दिले. याच निधीतून सुरुवातीची मदत मिळालेल्या ‘रेलिव्हरिओ’ या औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण पुढच्या मोठ्या चाचणीत त्याचा गुण दिसला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतले.