एलईडी पट्टीला किती अँपिअरचा अडॅप्टर लागतो?

गणपतीच्या मखराला एलईडी पट्टी लावताय? घरात पडलेला कोणताही अडॅप्टर जोडू नका, आधी हिशेब करा. पट्टी मीटरला किती वॅट घेते, ते पाकिटावर पाहा. समजा, १२ व्होल्टची पट्टी मीटरला १४.४ वॅट घेते. ५ मीटरचे झाले ७२ वॅट. त्याला १२ ने भागलं की ६ अँपिअर. त्यात २० टक्के वाढवा, म्हणजे ७.२. त्यामुळे १० अँपिअरचा अडॅप्टर घ्या. ५ अँपिअरचा असेल तर तो तापेल आणि शेजारच्या कापडाला, कागदी फुलांना आग लागण्याचा धोका वाढेल. अँपिअर जास्त असले तरी चालतं, पट्टी हवे तेवढेच घेते. व्होल्टेज मात्र १२च हवं.